जर्सी नंबर १/८ आणि इतर भन्नाट भानगडी

अमेरिकेतला खेळ म्हणजे मायकेल जॉर्डन, सुपर बोल आणि उलटी टोपी, एवढ्यावर तुमची गाडी थांबत असेल तर जरा खुर्ची पुढे ओढा. तिथल्या प्रो स्पोर्ट्सचा इतिहास अर्धा खेळ आणि अर्धी जत्रा आहे. नियमाच्या पुस्तकात जे लिहायचं राहून गेलं, ते तिथे कुणीतरी करून बघतंच! पॉपकॉर्न घेतलं? चला तर मग.

माहीत आहे का, बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये ३ फूट ७ इंच उंचीचा बॅटर खेळून गेलाय? तारीख १९ ऑगस्ट १९५१. सेंट लुइस ब्राउन्स हा अगदीच रडतखडत चाललेला संघ. पण मालक बिल वेक! मालक कमी आणि रिंगमास्टर जास्त. डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध त्यानं मैदानात धाडला एडी गेडेल. पाठीवर नंबर १/८. जर्सी कुणाची? क्लबच्या एका अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलाची. (तो मुलगा पुढे सेंट लुइस कार्डिनल्सचा मालक झाला, पण ते असो.)

अंपायरचे डोळे पांढरे. हा काय प्रकार? मॅनेजरनं शांतपणे खिशातून करार काढून दाखवला. सही-शिक्का सगळं चोख!

आता यातली गोम बघा. बेसबॉलमध्ये बॅटरनं बॅट फिरवली नाही, तर चेंडू त्याच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तरच स्ट्राइक. गेडेल वाकून उभा राहिला की हा पट्टा उरतो काही बोटांचा. पिचर बॉब केन हसू आवरत टाकतोय, कॅचर गुडघ्यांवर बसलाय आणि चारही चेंडू गेडेलच्या डोक्यावरून. चार बॉल, फुकटात पहिला बेस! बॅट हलवायची नाही, अशी त्याला मालकाची सक्त ताकीद होती. गेडेल टोपी उडवत बेसवर गेला, त्याच्या जागी दुसरा धावपटू आला आणि करिअर समाप्त. दुसऱ्याच दिवशी लीगच्या अध्यक्षांनी करार रद्द केला. पण रेकॉर्ड बुकात ऑन-बेस पर्सेंटेज शंभर टक्के. कोण मोडणार?

वेक एवढ्यावर गप्प बसतोय होय! पाचच दिवसांनी त्यानं प्रेक्षकांच्या हातात ‘यस’ आणि ‘नो’ लिहिलेले फलक दिले. पिचर बदलायचा का? धावायचं का? पब्लिक ठरवणार! मॅनेजर बाजूला आरामात बसलेला. आणि ब्राउन्स चक्क ५-३ नं जिंकले. सोफ्यावर बसून टीम निवडणाऱ्या तमाम काकांनी ही नोंद जपून ठेवावी.

वेकच्या कारकिर्दीतली एक आयडिया मात्र अक्षरशः फुटली. १९७९ मध्ये तो शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक होता. ऑफर अशी: डिस्को गाण्यांची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. दोन मॅचच्या मधल्या वेळेत रेकॉर्डचा ढीग मैदानात स्फोटानं उडवायचा. उडवला! पाठोपाठ हजारो लोक मैदानात उतरले, हिरवळीची वाट लागली आणि दुसरी मॅच न खेळताच व्हाइट सॉक्सच्या नावावर हार लागली. डिस्को दिवाने, सामना गमावणे.

क्रिकेटवाल्यांनो, इकडे लक्ष! १८६९ सालची सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज ही उघडपणे पगार देणारी पहिली बेसबॉल टीम. तिचा कॅप्टन हॅरी राइट मूळचा कोण? इंग्लंडमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये पगार घेणारा क्रिकेटर! म्हणजे बेसबॉलच्या घरात पहिली धंदेवाईक वीट आपल्याच माणसानं ठेवली म्हणायची. आणि १९३२ मध्ये डॉन ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा यांकी स्टेडियममध्ये त्याची बेब रूथशी गाठ पडली. दोन खेळांचे दोन देव एकाच बॉक्समध्ये.

आपले बोलर पँटवर घासघासून चेंडू चमकवतात. अमेरिकेत उलटा कारभार. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या त्याच सर्वोच्च लीगमध्ये, प्रत्येक नवा चेंडू मॅचआधी चिखलानं घासून त्याची चमक घालवतात, पिचरला पकड मिळावी म्हणून. चिखलही साधासुधा नाही. डेलावेअर नदीच्या परिसरातला, न्यूजर्सीतल्या एका गुप्त जागेवरचा. १९३० च्या दशकात लीना ब्लॅकबर्न नावाच्या कोचनं ही माती शोधली आणि आजही ती ब्लॅकबर्नच्याच नावानं विकली जाते. मातीतून सोनं म्हणतात ते हेच!

बरं, सर्वांत लांबलेली प्रो बेसबॉल मॅच किती इनिंग्जची, माहीत आहे का? साधारण नऊमध्ये निकाल लागतो. ही गेली ३३ पर्यंत!

ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदल्या शनिवारची रात्र, बोचरी थंडी. पॉटकेट रेड सॉक्स विरुद्ध रॉचेस्टर रेड विंग्ज, मायनर लीगचा साधा सामना. बरोबरी सुटेना. खरं तर रात्री ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, असा लीगचा नियम होता. पण त्या वर्षी अंपायरच्या हातातल्या पुस्तकात तो छापायचाच राहिला! पुस्तकात नाही म्हणजे नाही, खेळा. २१ व्या इनिंगमध्ये रॉचेस्टरनं आघाडी घेतली, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. तेवढ्यात वेड बॉग्ज नावाच्या पठ्ठ्यानं बरोबरी साधली. घरच्याच खेळाडूंना त्याचा राग आला असेल तर दोष कुणाला द्यायचा? मोडक्या बॅटा पिंपात पेटवून खेळाडू हात शेकत बसले. अखेर लीगचे अध्यक्ष फोनवर सापडले आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंग्जनंतर खेळ थांबला. स्टेडियममध्ये उरलेले प्रेक्षक १९!

उरलेली मॅच झाली २३ जूनला. तेव्हा मेजर लीगचे खेळाडू संपावर होते, त्यामुळे देशभरचे रिकामटेकडे पत्रकार पॉटकेटला जमले. स्टेडियम हाउसफुल्ल. आणि खेळ आटोपला १८ मिनिटांत! पॉटकेट ३-२ नं विजयी. एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं. त्या रात्री एका बाजूला बॉग्ज, दुसऱ्या बाजूला कॅल रिपकन. पुढे दोघंही हॉल ऑफ फेममध्ये. रिपकननं तर सलग २६३२ मॅच खेळायचा विक्रम केला. त्याची प्रॅक्टिस कुठे झाली ते कळलं ना?

इथून उडी थेट बास्केटबॉलमध्ये. २२ नोव्हेंबर १९५०, एनबीएच्या मॅचचा निकाल १९-१८. हाफटाइमचा नाही हो, फायनल! फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध चेंडू नुसता धरून ठेवला आणि जिंकले. पब्लिक जांभया देतंय. उपाय शोधला सिराक्यूजच्या टीमचा मालक डॅनी बियासोन यानं. त्याचा धंदा बोलिंग अ‍ॅलीचा आणि गणित शाळकरी: रंगतदार मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात, मॅच २८८० सेकंदांची, भागाकार करा. २४! १९५४ पासून आजतागायत एनबीएचं शॉट क्लॉक २४ सेकंदांचंच.

१९८७-८८ च्या वॉशिंग्टन बुलेट्स टीमचा फोटो बघितलात तर खदखदून हसाल. ७ फूट ७ इंची मनूट बोल आणि ५ फूट ३ इंची मग्सी बोग्ज शेजारी शेजारी. फरक २८ इंच!

विल्ट चेंबरलेनचे एका मॅचमधले १०० पॉइंट ऐकून असाल. २ मार्च १९६२, गाव हर्शी. हो, चॉकलेटवालं हर्शी! प्रेक्षक ४१२४. आणि त्या मॅचचं एका सेकंदाचंही व्हिडिओ फुटेज नाही. आज गल्लीतल्या अंडरआर्म स्पर्धेचंही लाइव्ह स्ट्रीमिंग असतं!

आता अमेरिकन फुटबॉल. पहिला सुपर बोल, १९६७. लॉस एंजेलिसचं भव्य स्टेडियम आणि हजारो खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या हाफची सुरुवात तर दोनदा झाली, कारण पहिल्यांदा किक मारली तेव्हा एनबीसीवर जाहिरात चालू होती. याच एनबीसीनं पुढच्याच वर्षी कमाल केली. १७ नोव्हेंबर १९६८, जेट्स विरुद्ध रेडर्स, शेवटचं मिनिट, जेट्स पुढे. घड्याळात सात वाजले आणि चॅनलनं मॅच कापून ‘हायडी’ हा मुलांचा सिनेमा लावला. इकडे टीव्हीवर हायडी, तिकडे मैदानात रेडर्सचे दोन टचडाउन! रेडर्स ४३-३२ नं जिंकले आणि संतापलेल्या फोनकॉल्सनी चॅनलच्या टेलिफोन बोर्डचे फ्यूज उडाले.

फुटबॉलमधल्याच ग्रीन बे पॅकर्स या टीमचं नाव आलं इंडियन पॅकिंग कंपनीवरून. ‘इंडियन’ म्हटल्यावर कॉलर टाइट करू नका, आपला काही संबंध नाही. त्या कंपनीनं १९१९ मध्ये जर्सीसाठी पैसे दिले, एवढंच. खरी मजा पुढे. या टीमचे मालक आहेत सामान्य चाहते, पाच लाखांहून जास्त शेअरहोल्डर. शेअरवर डिव्हिडंड शून्य, भाव कधीच वाढत नाही, बाजारात विकता येत नाही. तरीही उड्या पडतात!

आइस हॉकीच्या स्टॅनली कपवर विजेत्यांची नावं कोरतात. १९७२ ला ‘बोस्टन’ लिहिताना ‘ओ’च्या जागी ‘क्यू’ कोरलं गेलं. आणि एडमंटनच्या मालकानं १९८४ मध्ये यादीत स्वतःच्या वडिलांचंही नाव घुसवलं! लीगनं ते ‘एक्स’ची रांग कोरून खोडलं. वशिला सगळीकडे चालतो, पण धातूवर खुणा राहतात.

आणि आपला मुंबईकर? आहे ना! मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्जचे मुख्य मालक आहेत. २०१५ मध्ये त्यांच्याच टीमकडून सिम भुल्लर एनबीएत उतरला, भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिव्यांनी टीम थेट वरळीत आणली आणि इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन मॅच झाल्या. पहिली १३२-१३१ अशी ओव्हरटाइममध्ये गेली. यजमान दोन्ही हरले. अतिथी देवो भव, दुसरं काय!

आता कान टवकारा, पैशाचा विषय आहे. १९७६ मध्ये एबीए ही बास्केटबॉलचीच दुसरी लीग एनबीएत विलीन झाली. चार टीम घेतल्या, बाकीच्यांना पैसे देऊन घरी पाठवायचं ठरलं. केंटकीच्या टीमचा मालक होता केएफसीचा व्यवसाय वाढवणारा जॉन वाय. ब्राउन. त्यानं ३३ लाख डॉलर घेतले आणि तो खूश. सेंट लुइसच्या टीमचे मालक सिल्ना बंधू मात्र कापडधंद्यातले. त्यांनी २२ लाखच घेतले, वर एक छोटीशी अट टाकली: त्या चार टीमच्या टीव्ही उत्पन्नाचा सातवा हिस्सा, कायमचा. तेव्हा टीव्हीतून मिळायचं किती? चिल्लर! मग मॅजिक जॉन्सन आला, बर्ड आला, जॉर्डन आला. टीम बंद पडलेली आणि भावांच्या खात्यात सुमारे ३० कोटी डॉलर जमा. २०१४ मध्ये एनबीएनं आणखी ५० कोटी देऊन करार बऱ्यापैकी गुंडाळला. कोंबडीवाल्याला पाय मिळाला, कापडवाल्यांनी अख्खी कोंबडी नेली!

पण माझ्या मते खरा उस्ताद बेसबॉलपटू बॉबी बोनिया. २००० साली न्यूयॉर्क मेट्सला तो नकोसा झाला, पण देणं होतं ५९ लाख डॉलर. बोनियाच्या बाजूनं प्रस्ताव गेला: आत्ता देऊ नका, ८ टक्के व्याज लावा आणि २०११ पासून २५ हप्ते करा. मेट्सचे मालक खूश, कारण त्यांचा पैसा बर्नी मॅडॉफकडे भरघोस परतावा देत होता. २००८ मध्ये मॅडॉफ हा महाघोटाळेबाज निघाला! बोनिया शेवटचा खेळला २००१ मध्ये, तरी दर १ जुलैला मेट्स त्याच्या खात्यात ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि २० सेंट जमा करतात. चाहते हा दिवस ‘बॉबी बोनिया डे’ म्हणून साजरा करतात. शेवटचा हप्ता २०३५ चा. तेव्हा बोनिया असेल ७२ वर्षांचा.