तुलांबेनचे बुडालेले जहाज

जहाज बुडाले म्हणजे त्याची कथा संपली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बातमी येते, वाचलेल्यांची नि गेलेल्यांची मोजदाद होते, विम्याचे हिशेब पुरे होतात आणि समुद्राचे पाणी पुन्हा पूर्ववत सारखे होते. परंतु समुद्राच्या बाजूने पाहिले, तर जहाजाची खरी हकीकत तेथूनच पुढे सुरू होते. समुद्र त्या लोखंडाचे काय करतो, मनुष्याला खाली जाऊन ते पाहता कसे येते, आणि पाहून आल्यावर त्याने कोणता बोध घ्यावा, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळावीत अशी एक जागा आहे. ती म्हणजे इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचे तुलांबेन हे लहानसे गाव.

तुलांबेनचा किनारा चित्रांतल्या किनाऱ्यांसारखा नाही. तेथे रुपेरी वाळू नाही. पायाखाली काळे, गुळगुळीत गोटे, आणि पाठीशी तीन हजार मीटरहून उंच असा आगुंग नावाचा जागृत ज्वालामुखी. त्या गोट्यांवरून पाण्यात शिरले, की हाकेच्या अंतरावर ‘लिबर्टी’ नावाचे सुमारे १२५ मीटर लांबीचे अमेरिकन मालवाहू जहाज कुशीवर पडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ याच नावाच्या वर्गाची जहाजे मोठ्या संख्येने बांधली. त्यांपैकी हे नव्हे. हे त्यांच्याहून वयाने वडील. न्यू जर्सी राज्यातील कर्नी येथे १९१८ साली ते बांधले गेले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन नौदलाच्या सेवेतही होते.

१९४२ च्या जानेवारीत हे जहाज ऑस्ट्रेलियाहून रबर आणि रेल्वेचे सामान घेऊन फिलिपाइन्सकडे निघाले होते. ११ जानेवारी रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ एका जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज फुटले, पण लगेच बुडाले नाही. एक अमेरिकन आणि एक डच अशा दोन विनाशिकांनी त्याला दोर लावून बालीच्या उत्तरेकडील सिंगराजा बंदराकडे ओढत नेण्याचा प्रयत्न केला. परंतु आत पाणी इतके भरू लागले, की बंदर गाठणे अशक्य झाले. तेव्हा त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढविण्यात आले. पुढे एकवीस वर्षे ते तेथेच उघड्यावर पडून होते. त्यातला माल काढून घेण्यात आला, उपयोगी धातूही हळूहळू निघून गेला, आणि उरला तो सांगाडा.

१९६३ साली त्या सांगाड्याचे नशीब पालटले. बेसाकीह या बालीच्या मुख्य देवस्थानात त्या वर्षी ‘एकादश रुद्र’ हा शतकातून एकदा करावयाचा महाविधी चालू होता. त्याच सुमारास आगुंग जागा झाला. १७ मार्चच्या प्रचंड उद्रेकात आणि त्यानंतरच्या उत्पातात हजारावर माणसे मृत्युमुखी पडली. त्या उद्रेकांच्या काळात जमिनीला बसलेल्या हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून सरकले आणि उतरत्या काळ्या वाळूवर, पाण्याखाली जाऊन स्थिरावले. त्याचा सर्वांत वरचा भाग पृष्ठभागापासून पाचेक मीटरवर, तर खालचा सुमारे तीस मीटरवर आहे. गावाच्या दृष्टीने ते वर्ष महासंकटाचे होते. पण त्याच संकटाने एक जहाज समुद्राच्या स्वाधीन केले.

आता तेथवर जावयाचे कसे? श्वास रोखून मारलेली बुडी मिनिटा-दोन मिनिटांत संपते. पाण्याखाली निवांत हिंडता यावे ही मनुष्याची जुनी इच्छा खऱ्या अर्थाने फळास आली ती १९४३ साली. फ्रान्समध्ये नौदलातील अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी हवेच्या टाकीला जोडता येईल अशी एक झडप तयार केली. टाकीत हवा अतिशय दाबून भरलेली असते. पाणबुड्याने श्वास ओढला, की ही झडप उघडते आणि त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल, नेमकी तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते. स्कूबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनाचे सारे मर्म या झडपेत आहे.

हे मर्म समजण्यासाठी एक हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन आणि तीस मीटरवर चार. दाब दुप्पट झाला, की वायूचे आकारमान निम्मे होते, हा बॉइलचा नियम आपण शाळेत शिकलो. पाण्याखाली तो छातीत अनुभवावयास मिळतो. समजा, दहा मीटरवर एखाद्याने चार लिटर हवा छातीत भरून घेतली आणि श्वास कोंडून तो वर आला, तर ती हवा आठ लिटर होऊ पाहील, आणि फुप्फुस काही रबरी फुगा नव्हे. म्हणून या विद्येचा पहिला धडा असा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखावयाचा नाही. तीस मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा खर्ची पडते. तेव्हा काटकसरीचा धडाही ओघानेच येतो.

दुसरा धोका नायट्रोजनचा. हवेतील हा वायू दाबाखाली रक्तात आणि शरीराच्या ऊतींत विरघळत जातो. मनुष्य सावकाश वर आला, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर बुडबुडे यावेत तसे ते शरीरात उमटतात. त्यांतून सांधेदुखी, पक्षाघात, क्वचित मृत्यूही ओढवतो. किती खोलीवरून किती टप्प्यांनी वर यावे, याची शास्त्रशुद्ध कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये भारतात येऊन पुढे भारतीय नागरिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचेच चिरंजीव. त्यांनी तर दाबाचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. आज पाणबुडे मिनिटाला साधारण नऊ मीटरहून अधिक वेगाने वर येत नाहीत आणि पृष्ठभागापूर्वी पाचेक मीटरवर तीन मिनिटे थांबतात. तुलांबेनला हा मुक्काम जहाजाच्या माथ्याजवळच करता येतो. त्यामुळे थांबणे ही शिक्षा वाटत नाही.

खाली उतरताना पहिला बदल जाणवतो तो रंगांचा. पाणी तांबडा रंग सर्वांआधी शोषून घेते, मग नारिंगी, मग पिवळा. उरते निळाईचे राज्य. वस्तू आहेत त्याहून जवळ आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या दिसतात. त्या निळाईतून जहाजाची बाजू प्रथम काळ्या भिंतीसारखी पुढे येते. पण हातातील दिवा लावला, की त्या भिंतीवर तांबडे, जांभळे, केशरी रंग एकदम पेटून उठतात. लोखंडाचा बोटभर भागही रिकामा नाही. मऊ प्रवाळांचे झुबके, पंख्याच्या आकाराची प्रवाळे, पिंपासारखे स्पंज आणि समुद्रपुष्पे यांनी तो झाकून टाकलेला आहे. मालाच्या कोठारांतून माशांचे थवे ये-जा करतात. कपाळावर टेंगूळ असलेले आणि पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचे मोठाले मासे रात्री जहाजाच्या आश्रयाला झोपावयास येतात आणि पहाटे बाहेर पडतात. बाजूच्या वाळूत वामीच्या जातीचे बारीक जीव गवताच्या पात्यांसारखे उभे डुलत असतात. जरा जवळ गेले, की सारे कुरण जमिनीत गडप!

हे सारे येथेच का? याचे उत्तर त्या काळ्या वाळूत आहे. प्रवाळ म्हणजे वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे; तो अत्यंत लहान प्राण्यांचा समाज आहे. त्याचे पिल्लू प्रथम पाण्यात तरंगत असते आणि त्याला बसावयास पक्की जागा लागते. सरकत्या वाळूवर ते तग धरू शकत नाही. बुडत्याला काडीचा आधार, असे आपण म्हणतो. येथे बुडालेल्यानेच इतरांना आधार दिला. एकदा बैठक मिळाली, की हा प्राणी पाण्यातील चुना घेऊन आपले घर बांधू लागतो. त्याच्या देहात सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातील फार मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणूनच चुनखडीची घरे बांधणारे प्रवाळ उथळ, उबदार आणि स्वच्छ पाण्यात वाढतात. प्रवाळक्षेत्रे समुद्रतळाचा एक टक्का भागही व्यापत नाहीत. तरी सागरी जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींना त्यांचा कोठे ना कोठे आसरा असतो.

गावालाही या जहाजाने आसरा दिला आहे. अवर्षणाच्या त्या कोरड्या किनाऱ्यावर आज जगभरचे पाणबुडे येतात. त्यांच्या हवेच्या जड टाक्या तेथील स्त्रिया डोक्यावर घेऊन गोट्यांवरून चालत जातात. २०१७ साली आगुंग पुन्हा जागा झाला आणि त्याच्या परिसरातून लाखाहून अधिक लोकांना हलवावे लागले. तेव्हा पाहुण्यांवर उभा असलेला संसार किती नाजूक असतो, हेही दिसून आले.

यावरून जुनी जहाजे समुद्रात ढकलावीत आणि प्रवाळ पिकवावे, असा सोपा निष्कर्ष कोणी काढील. पण तो घातक ठरेल. प्रशांत महासागरातील पाल्मिरा या कंकणद्वीपाजवळ १९९१ साली एक मासेमारी जहाज फुटले. त्या पाण्यात लोह मुळात अत्यल्प. जहाजाच्या गंजाबरोबर प्रवाळाचाच एक आक्रमक भाऊबंद तेथे असा फोफावला, की त्याने खरे प्रवाळ झाकून टाकले. अखेरीस २०१३ साली ते जहाज उचलून न्यावे लागले. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७० नंतरच्या काही वर्षांत मोटारींचे सुमारे वीस लाख जुने टायर माशांचे घर म्हणून बुडविण्यात आले. त्यांची बंधने सुटली आणि लाटांबरोबर हेलकावत ते शेजारच्या जिवंत प्रवाळावरच आदळू लागले. ज्वालामुखीच्या काळ्या वाळूत लोहाची वाण नाही, उतार ओसाड होता, आणि जहाज एकवीस वर्षे किनाऱ्यावर पडून बहुतांशी रिकामे झाले होते. तुलांबेनला जे साधले, त्यात या योगायोगांचा वाटा मोठा आहे.

शिवाय, बैठक मिळाली म्हणून प्रवाळ वाचतोच असे नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातील उच्चांकाहून एखाद्या अंशाने तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या देहातील शैवले बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि बहुधा उपासमारीने मरतो. १९९८ साली हे संकट प्रथमच साऱ्या जगाच्या उष्ण समुद्रांवर एकदम कोसळले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी अशा जागतिक आपत्तीची चौथी खेप जाहीर केली. या तापावर पोलादाचा उतारा चालत नाही.

हा विचार आपल्यालाही करावयाचा आहे. भारतीय नौदलातून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तेथे कृत्रिम प्रवाळक्षेत्र उभारण्याची योजना महाराष्ट्राने हाती घेतली. कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु तिचे यश नौकेपेक्षा तिच्याआधीच्या आणि नंतरच्या काळजीवर अवलंबून राहील. तेल, रंग आणि विषारी द्रव्ये किती कसोशीने काढली, तळाची जागा किती जाणतेपणाने निवडली, आणि खाली उतरणाऱ्या पाहुण्यांना काय शिकविले, हे तेथे महत्त्वाचे.

कारण पाणबुड्याचे खरे कौशल्य खोल जाण्यात नसून तरंगत राहण्यात असते. कमरेची शिशाची वजने आणि अंगरख्यातील हवा यांचा मेळ असा घालावयाचा, की तो ना वर उचलला जावा, ना खाली बसावा. आणि मग केवळ श्वासाच्या भरती-ओहोटीने वितभर वर किंवा खाली व्हावे. ज्याला हे साधत नाही, त्याच्या पायांतील वल्ह्याचा एक फटका वर्षानुवर्षांची वाढ मोडून टाकतो. कुस्तोच्या १९५६ सालच्या गाजलेल्या चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळावर सुरुंग लावल्याचे दृश्य आहे. पुढे समुद्ररक्षणाचा पुरस्कर्ता म्हणून जगाने त्याच कुस्तोला ओळखले. एका पिढीने केवढे अंतर कापले, हे त्यावरून समजावे.

तुलांबेनचे जहाज कायमचे नाही. गंजाने त्याच्या फासळ्या वर्षागणिक खचत आहेत, आणि एक दिवस ते ओळखूही येणार नाही. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. लोखंडाचा तोच धर्म आहे. मात्र त्या लोखंडावर ज्यांनी घरे बांधली, त्यांची घरे टिकतील की नाही, हे गंजावर अवलंबून नाही. ते पाण्याच्या तापावर, आणि म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणा सर्वांवर अवलंबून आहे.