विश्लेषण : जिंकलेला बॉक्सर चित्रात हरल्यासारखा का दिसतो?

बॉक्सिंगवरील एका गाजलेल्या चित्रात जगज्जेता जॅक डेम्प्सी दोरांमधून उलटा बाहेर फेकला जाताना दिसतो. प्रत्यक्षात ती लढत त्यानेच जिंकली होती! मग चित्रकार जॉर्ज बेलोज यांनी नेमका हाच क्षण का निवडला?

लढतीत काय घडले?

१४ सप्टेंबर १९२३. ठिकाण न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स. आव्हानवीर होता अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने त्याला सात वेळा पाडले. पण त्याच फेरीत फिर्पोच्या ठोशाने डेम्प्सी थेट पत्रकारांच्या अंगावर कोसळला. खालच्या लोकांनी त्याला वर ढकलले आणि दुसऱ्या फेरीत त्याने फिर्पोला नॉकआउट केले. खाली पडलेल्या बॉक्सरने मदतीशिवाय उठावे, असा नियम असल्याने या ढकलण्यावरून मोठा वाद झाला.

बेलोज तिथे कसे?

‘न्यूयॉर्क इव्हिनिंग जर्नल’ने त्यांना लढतीचे रेखाटन करण्याचे काम दिले होते. ‘द मासेस’ मासिकासाठी चित्रे काढणारे बेलोज १९०७ पासून बॉक्सिंग रंगवत होते. या लढतीची त्यांनी शिळाछाप चित्रेही केली. रविवर्मांच्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली, ती याच तंत्राने.

हाच क्षण का?

निकाल बातमीत कळतोच. एका चौकटीत गोष्ट सांगायची, तर पुढे काय होणार हे कळू न देणारा क्षण लागतो. बेलोज यांनी तो पकडला आणि नजर रिंगणाच्या खाली, प्रेक्षकांत ठेवली. त्यामुळे डेम्प्सी आपल्याच अंगावर पडतोय असे वाटते. त्याच्या पाठीला लागलेले हातही दिसतात. म्हणजे वादाचा मुद्दा चित्रातच आहे. डाव्या कडेचा टक्कल पडलेला माणूस म्हणजे स्वतः बेलोज.

पुढे काय झाले?

१९२४ मध्ये बेलोज यांनी याच प्रसंगाचे तैलचित्र रंगवले. ते आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. जानेवारी १९२५ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फिर्पो हरला, तरी अर्जेंटिनात १४ सप्टेंबर हा दिवस आजही ‘बॉक्सर दिन’ म्हणून पाळला जातो.