उखळ स्वस्त, उशी महाग

परदेशी निघालेल्या सोलापूरकराच्या घरी वजनकाटा आठवडाभर आधीच हॉलमध्ये मुक्कामाला येतो. बॅग काट्यावर चढते, आकडा २४ दाखवतो, शेंगाचटणीची एक पिशवी बाहेर निघते आणि पाठ वळताच आई ती पुन्हा आत सरकवते. "असू दे की, एवढ्याशानं काय विमान पडतंय?"

विमान पडत नाही, पण काउंटरवरचा माणूस अडवतो. अमेरिकेच्या बहुतेक विमानांत २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. त्याहून जड बॅगेला जादा पैसे भरता येतात, पण एका बॅगेत ३२ किलोंच्या वर काही गेलं तर सहसा पैसे मोजूनही सोडत नाहीत. त्यात विमानाचा काही संबंध नाही. ती बॅग उचलून आत टाकणाऱ्या हमालाच्या कमरेसाठी तो नियम आहे.

हे झालं विद्यार्थ्यांचं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई गाठणाऱ्यांचं. पण नोकरी पक्की झाली, बायको-मुलं निघाली, अख्खा संसार हलवायचा ठरला की हिशेब पार बदलतो. घरात ज्याला मोल असतं त्याला बंदरात नसतं, आणि बंदरात जे खपतं ते घरात कुणी विचारात घेतलेलं नसतं.

वजन की जागा?

विमानानं कुरिअर पाठवताना खोक्याचं वजन दोनदा होतं. एकदा काट्यावर आणि एकदा मोजपट्टीनं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० नं भागायचं. जो आकडा जास्त, त्याचे पैसे. आता ६० बाय ४० बाय ४०च्या खोक्यात उशा कोंबा. काट्यावर चार-पाच किलो भरतील, पण गुणाकार होतो ९६,००० आणि भागाकार १९.२. म्हणजे तुम्ही सव्वाएकोणीस किलो कापसाचे पैसे भरता, त्यातली तीन चतुर्थांश हवा! त्याच खोक्यात सोलापुरी चादरी दाबून भरल्या तर पैसे निदान चादरींचेच जातात. जकार्डवर विणलेली आपली दाट वीण इथे कामी येते. तिला भौगोलिक मानांकन मिळालंय ते वेगळ्या कारणासाठी, पण खोक्यात कमी हवा धरणं हाही गुणच म्हणायचा.

जहाजाचं गणित याच्या उलट. तिथे एक घनमीटर जागा किंवा एक टन वजन, यांतलं जे जास्त भरेल त्यावर भाडं. घरगुती सामानाचं एका घनमीटरात टनभर वजन सहसा होतच नाही, म्हणून जहाजाला तुमच्या वजनाची फिकीर नसते, फक्त जागेची असते. विमानात ज्याचं नाव काढायची सोय नाही ते दगडी उखळ जहाजात पुस्तकांच्या खोक्याशेजारी निमूट बसतं. न्यू जर्सीत बसून शेंगाचटणी मिक्सरमध्ये न फिरवता कुटूनच करायची असेल, तेल सुटेपर्यंत, तर मार्ग मोकळा आहे. फक्त वेळ हाताशी हवा. वीस फुटी कंटेनरात सुमारे ३३ घनमीटर माल मावतो आणि तुमचे तीन-चार घनमीटर म्हणजे त्यातला एक कोपरा. उरलेला कंटेनर इतरांच्या सामानानं भरेपर्यंत तुमचं उखळ गोदामात वाट बघतं. पुढे कस्टम्समध्ये एखाद्याच्या कागदांत खोट निघाली तर सगळ्यांचाच खोळंबा होऊ शकतो.

हा लोखंडी डबा मुळात ट्रकवाल्याच्या डोक्यातून निघाला. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकानं २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ कंटेनर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. त्याआधी प्रत्येक ट्रंक हमालाच्या पाठीवरून चढायची आणि पाठीवरूनच उतरायची. आपल्याकडचं कंटेनरचं एक गजबजलेलं दार, उरणजवळचं न्हावाशेवा बंदर, १९८९ मध्ये सुरू झालं. सोलापूरच्या संसाराचा ट्रक आजही बहुधा तिकडेच जातो.

सामानाचं योग्य वय

लग्नानंतर लगेच निघालेल्या जोडप्यांची हमखास गफलत होते ती इथे. रुखवतातली कोरी भांडी, डब्यातून न काढलेला मिक्सर, लेबल न सुटलेल्या साड्या. सगळं नवं कोरं, आणि म्हणूनच अडचणीचं. अमेरिकेचं कस्टम्स घरगुती सामान करमुक्त सोडतं, पण ते परदेशात निदान एक वर्ष वापरलेलं हवं. ऑस्ट्रेलियाचीही अट बारा महिन्यांची. ब्रिटन जरा दिलदार, त्याला सहा महिने पुरतात. थोडक्यात, तळाशी करपलेला कुकर छातीठोकपणे जातो आणि चकचकीत कुकरला बिल विचारतात.

मग जेवढं जुनं तेवढं बरं? तसंही नाही. आपल्याच देशाचा १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षांची वा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, धातूची कलावस्तू देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला बंदी आहे. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा. देवघरातली पणजीची मूर्ती शंभरीला टेकली असेल अशी शंका आली तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे परदेशी जाणाऱ्या सामानाचं आदर्श वय एक ते नव्व्याण्णव वर्षं. एवढं सोयीचं स्थळ तर वधूवर सूचक मंडळातही मिळत नाही.

खोबरं पेटतं

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या बॅगेत का चालत नाहीत, हा विमानतळावरचा कायमचा वाद. "अहो, खोबरंच आहे!" हे वाक्य सुरक्षारक्षकानं किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. भारताच्या नागरी विमान सुरक्षा विभागानं २०२२ मध्ये सुकं खोबरं बंदीच्या यादीत घातलं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे: यूएन १३६३. वर्ग ४.२, आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल भरपूर असतं. ढीग कोंदट जागी राहिला, त्यात ओल शिरली की तेलाचा हवेशी संयोग होऊन आतल्या आत उष्णता साठते, आणि ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर धूर निघतो.

सोलापुरात हे पटायला फार वेळ लागू नये. यादीत खोबऱ्याच्या लगेच पुढचा क्रमांक, १३६४, कुणाचा? तेलकट कापूस-कचऱ्याचा. त्याच्या पुढचा १३६५ ओल्या कापसाचा. १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिल्यापासून या शहरानं कापूस इतका हाताळलाय की तेलाचे बोळे कोपऱ्यात साठवू नयेत हे गिरणीकामगाराच्या घरी कुणी वेगळं शिकवत नसे. चटणीच्या पिशवीला मात्र या यादीची भीती नाही. तिचा खरा शत्रू म्हणजे फुटलेलं सील आणि त्याखाली ठेवलेला मुलाखतीचा पांढरा शर्ट.

फराळातलं गुपित तर याहून भारी. दुबईला अनारसे पाठवत असाल तर थांबा. अनारशावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते, आणि सिंगापुरातही. कारण सरळ आहे, ती अफूच्याच बोंडातली. साखर-तुपाच्या नादात आपण ते सोयीस्कर विसरतो. ज्वारीची कडक भाकरी बिनधास्त: ओल नाही, वास नाही, बोंड नाही. तिला एकच भय, मोडायचं.

एक बोट, मुंबईहून दोन उतारू

सामानाच्या हव्यासावर गांधीजींनी एकदा भर समुद्रात इलाज केला होता. २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी ते मुंबईहून 'राजपुताना' बोटीनं निघाले. सोबतच्या मंडळींनी लंडनच्या थंडीच्या धास्तीनं आणि लोकांच्या आग्रहानं पेट्याच पेट्या घेतल्या होत्या. एवढ्या कशाला, म्हणून गांधीजी भडकले आणि एडनला बोट लागताच जास्तीच्या पेट्या माघारी धाडल्या गेल्या. जादा सामानावर इतका कडक अंमल आजच्या कुठल्याही विमान कंपनीला जमलेला नाही.

सात वर्षांनी, १ सप्टेंबर १९३८ रोजी, त्याच 'राजपुताना'वर मुंबईहून एक सोलापूरकर चढला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय सत्तावीस. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. या मंडळींचं सामान औषधं आणि शस्त्रक्रियेची साधनं; घरदार न्यायचा प्रश्नच नव्हता, कारण परत यायचं होतं. बाकीचे चौघे आलेही. कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली, तिथल्या क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन जोडून 'यिन्हुआ' ठेवलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. सोलापुरात भैय्या चौकातलं त्यांचं घर आज स्मारक आहे. स्टेशनपासून लांब नाही, गाडीला वेळ असेल तर डोकावून या.

आणि बोट? दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर तोफा बसवल्या गेल्या. एप्रिल १९४१ मध्ये आइसलँडजवळ जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं.

मोर चालतो, पीस नाही

चादरीवर विणलेला मोर खुशाल न्या. पण देवघरातलं मोरपीस नको, त्याच्या निर्यातीला भारतात बंदी आहे.

लाकडी पेटी गल्लीतल्या सुताराकडून ठोकून घेणार असाल तर ते लाकूड आधी भाजावं लागतं. सोबत कीड परदेशी जाऊ नये म्हणून पॅकिंगच्या लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग तीस मिनिटं तापवायचा आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा, असा जगभरचा नियम. सोलापूरचा मे महिना कितीही मिजास करो, ५६ काही त्याच्या हाती लागत नाही.

ऑस्ट्रेलियावाले तर चपलेच्या तळव्याला चिकटलेली मातीही तपासतात, सायकलचीसुद्धा. काळी माती अंगाला लावून मोठे झालेल्यांनी जरा ब्रश मारून निघावं.

मिक्सर नेऊ नका. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. जोडला तर तो फिरतो, पण इतका रेंगाळत की डाळीलाच दया यावी. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर तिकडे सहज मिळतात.

बंद कंटेनरात पाऊस पडतो, हे ऐकून बऱ्याच जणांना थट्टा वाटते. दिवसा पत्रा तापतो, आतल्या लाकडा-कापडातली ओल हवेत जाते. रात्री पत्रा गार पडला की तीच ओल छताला थेंब धरून खाली टपकते. जहाजवाले याला कंटेनरचा पाऊसच म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत बांधलेल्या चादरी पोचेपर्यंत कुबट होतात त्या यामुळे. उन्हाळ्यात, कडकडीत वाळवून बांधाव्यात.

आणि खोकी स्वतः बांधायची हौस असेल तर सामानाच्या यादीतली तीन इंग्रजी अक्षरं बघून ठेवा: पीबीओ. मालकानं स्वतः बांधलेलं, असा त्यांचा अर्थ. विमा कंपन्या अशा खोक्यातल्या फुटक्या कपबश्यांची भरपाई सहसा देत नाहीत. बांधणारी पोरं तुमच्या काचसामानाला सहा-सहा वर्तमानपत्रं गुंडाळताना उगाच वेळ काढतायत असं वाटलं, तरी गप्प बसा.

पोस्टाचा फराळ

२०२५ची दिवाळी पार्सलवाल्यांच्या लक्षात राहील. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली. कर कुणी, कसा वसूल करायचा याचाच उलगडा होईना, म्हणून भारतीय टपाल खात्यानं त्याआधीच अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर. त्या वर्षी कित्येक चकल्या तुळशीच्या लग्नाला पोचल्या असतील.

दुसऱ्याचं नुकसान, आपला वाटा

शेवटी ती गोष्ट, जी ऐकल्यावर माणसं एकदा पॉलिसी उघडून बघतात. समुद्रात जहाज आणि माल वाचवण्यासाठी कुणाचा माल मुद्दाम फेकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो सगळ्या मालकांनी आपापल्या मालाच्या किमतीनुसार वाटून घ्यायचा. प्राचीन ग्रीक दर्यावर्दींपासून चालत आलेला हा कायदा आजही पूर्ण ताकदीनिशी जिवंत आहे. नाव 'जनरल ॲव्हरेज'. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं तेव्हा जहाजाच्या मालकांनी हाच कायदा पुकारला. जहाजावर सुमारे १८ हजार कंटेनर होते. अशा वेळी तुमची चादर कोरडी, उखळ शाबूत, तरी वाट्याची हमी दिल्याशिवाय खोकी ताब्यात मिळत नाहीत. विमा असेल तर ही हमी कंपनी देते, नसेल तर रोख अनामत तुम्ही भरता. एजंट हप्ता सांगेल, सवलत सांगेल, कॅलेंडरही देईल. त्याला फक्त एवढं विचारा: यात जनरल ॲव्हरेज धरलंय का?