ऑनलाइन दुकानातील मजकुराची निगा

शेतकरी उत्पादक कंपन्या, बचतगट व बागाईतदार यांपैकी अनेकजण आता आपला माल ऑनलाइन दुकानातून थेट ग्राहकास विकू लागले आहेत. दुकान एकदा उभे राहिले म्हणजे काम संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. बाजारात गिऱ्हाईक आंबा हातात घेऊन व वास घेऊन पारखते. येथे त्याच्यापुढे केवळ छायाचित्र व मजकूर असतो आणि पैसे बहुधा माल पाहण्यापूर्वीच भरावे लागतात. सबब पानावरील प्रत्येक ओळ म्हणजे विक्रेत्याने दिलेला शब्दच होय.

स्थिर व बदलता मजकूर

दुकानातील मजकुराचे दोन भाग पडतात. उत्पादकाचा परिचय, पत्ता व माल परत घेण्याचे नियम हा स्थिर भाग. भाव, शिल्लक माल व पाठवणीची मुदत हा बदलता भाग. स्थिर भाग हंगामापूर्वी एकदा तपासला तरी चालतो. बदलता भाग मात्र विक्रीच्या दिवसांत रोज पाहावयास हवा. समजा, पानावर हापूसच्या ४० पेट्या शिल्लक दाखविल्या आहेत. सकाळी त्यांतील १५ पेट्या व्यापाऱ्यास दिल्या, पण आकडा बदलला नाही. सायंकाळपर्यंत ३० पेट्यांची मागणी आली, तर ५ पेट्यांचे पैसे परत करावे लागतील आणि ते ग्राहकही बहुधा दुरावतील. म्हणून माल गोदामातून हलताच आकडा बदलावा.

कायद्याने आवश्यक माहिती

आवेष्टित मालाविषयीच्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार (२०११) उत्पादकाचे किंवा आवेष्टन करणाराचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकसेवेचा संपर्क ही माहिती पाकिटावर छापावी लागते. ऑनलाइन विक्रीत ती पानावरही दाखविणे २०१८ पासून बंधनकारक आहे. पाकिटावर ५०० ग्रॅम व पानावर १ किलो असा फरक राहिल्यास ती फसवणूक ठरू शकते. तसेच ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे, जाहिरात केलेले गुण मालात नसतील तर तो परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही.

गुणवर्णन करतानाही जपावे. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण झाले असेल तरच ‘सेंद्रिय’ हा शब्द वापरावा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील आंब्यापुरते आहे. अन्यत्र पिकलेला आंबा त्या मानांकनाखाली विकू नये.

पान काढून टाकू नये

हंगाम संपताच मालाचे पान पुसून टाकण्याची चूक सर्रास होते. त्यामुळे जुन्या ग्राहकांनी जपून ठेवलेला दुवा निकामी होतो व शोधयंत्रांत त्या पानाला मिळालेले स्थानही जाते. त्याऐवजी पान तसेच ठेवून ‘हंगाम संपला’ असे नमूद करावे व पुढील हंगामाचा अंदाज द्यावा. नवा मजकूर प्रथम मसुदा म्हणून जतन करावा, दुसऱ्या व्यक्तीने तो वाचावा आणि मगच प्रसिद्ध करावा. छायाचित्र आपल्याच मालाचे व चालू हंगामाचे असावे. त्याचा आकार कमी करून घ्यावा, म्हणजे मंद इंटरनेटवरही पान लवकर उघडते.

कामाची वाटणी

गटातील एकाच व्यक्तीकडे भाव व शिल्लक यांची जबाबदारी सोपवावी. प्रत्येकाचे प्रवेशखाते व संकेतशब्द स्वतंत्र असावेत, म्हणजे बदल कोणी केला हे कळते. सर्व मजकुराची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. आठवड्यातून एकदा स्वतः ग्राहकाप्रमाणे मोबाइलवर दुकान उघडून मागणी नोंदविण्यापर्यंतच्या सर्व पायऱ्या तपासाव्यात. एकच प्रश्न तीन ग्राहकांनी विचारला, तर त्याचे उत्तर पानावर नाही असे समजून ते त्याच दिवशी लिहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील गटांना ही तपासणी हंगामाच्या किमान पंधरा दिवस आधी करावयास लावावी. माल उत्तम असूनही केवळ चुकीच्या मजकुरामुळे तो परत येणे, ही शेतकऱ्यास टाळता येण्याजोगी हानी आहे.