दीर्घकालीन रोगांचा प्रतिबंध आणि राष्ट्राचे अर्थकारण

देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण भारतात १९७५ साली आढळला आणि १९७७ साली देश देवीमुक्त म्हणून घोषित झाला. पोलिओच्या बाबतीत हाच टप्पा २०१४ साली गाठला गेला. साथीच्या रोगांविरुद्धच्या या मोहिमांचे यश निर्विवाद आहे. तथापि, याच काळात देशातील रोगांचे स्वरूप पालटत गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व तिच्या सहयोगी संस्थांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार एकूण मृत्यूंमध्ये असंसर्गजन्य रोगांचा वाटा १९९० साली ३७.९ टक्के होता. तो २०१६ साली ६१.८ टक्क्यांवर गेला. परिषदेच्याच २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक, तर उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या ३१ कोटींहून अधिक असल्याचे आढळले.

हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग आणि श्वसनाचे जुनाट विकार यांचा विचार आजवर मुख्यत्वे वैद्यकीय दृष्टीने होत आला. वस्तुतः तो अर्थखात्याचाही विषय आहे. जागतिक आर्थिक मंच व हार्वर्ड सार्वजनिक आरोग्य विद्यालय यांच्या २०१४ सालच्या अहवालात, २०१२ ते २०३० या काळात हे रोग व मानसिक विकार यांमुळे भारताच्या उत्पादनाची सुमारे ४.५८ लाख कोटी डॉलर इतकी हानी होईल, असा अंदाज वर्तविण्यात आला होता.

हानी कोठे होते?

एवढा मोठा आकडा वाचून सामान्य माणसाला फारसा बोध होत नाही. तो एका कुटुंबाच्या पातळीवर आणून पाहावा. पन्नाशीच्या आतील कमावत्या पुरुषास पक्षाघात झाला, तर प्रथम रुग्णालयाचा खर्च येतो. त्यानंतर त्याची मजुरी बुडते. त्याच्या शुश्रूषेसाठी पत्नीला घरी राहावे लागते आणि तिचीही मजुरी बुडते. बैलजोडी किंवा दागिने विकले जातात, सावकाराचे दार ठोठावले जाते आणि थोरल्या मुलाचे शिक्षण थांबते. रुग्णालयाच्या देयकात यांपैकी पहिलीच बाब दिसते. देशातील एकूण आरोग्यखर्चात नागरिकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. ते २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बुडालेल्या मजुरीचा हिशेब या आकड्यांत येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. उच्च रक्तदाबावरील बहुतेक औषधे जुनी, परिणामकारक व स्वस्त आहेत. उणीव असते ती रक्तदाब वेळेवर मोजण्याची आणि गोळ्या अखंड मिळण्याची. हीच उणीव दूर करण्यासाठी २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे त्यात होते. उपचाराची सोपी व सर्वत्र समान पद्धत, औषधांचा पुरेसा साठा, घराजवळच्या केंद्रातून महिन्याभराच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढेच त्याचे स्वरूप. त्यात नवीन शोध कोणताच नाही. साठवणूक व नोंदी यांसारख्या नीरस वाटणाऱ्या कामांवरच सारे अवलंबून असते आणि बहुधा म्हणूनच अशा कामांकडे दुर्लक्ष होते. या उपक्रमास २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

मुंबईचे उदाहरणही असेच बोलके आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाची दर दोन वर्षांनी तपासणी करण्यात आली. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील द्रव्य, लावून गर्भाशयमुख पाहण्याची ही पद्धत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी राबविली. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

महसुलाचा भ्रम

तंबाखूपासून सरकारला कर मिळतो, तेव्हा तिच्यावर बंधने घालणे परवडणार नाही, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. तो आकड्यांच्या कसोटीवर टिकत नाही. तंबाखूजन्य रोग व अकाली मृत्यू यांमुळे २०१७-१८ साली देशाला सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांची झळ बसली. ही रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का भरते. तंबाखूवरील उत्पादन शुल्कातून मिळणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांमागे समाजावर ८१६ रुपयांचा भार पडतो, असे याच अभ्यासात दिसून आले. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते आणि त्यांत धूम्रपानापेक्षा तंबाखू चघळण्याचे व मिश्री लावण्याचे प्रमाण कितीतरी अधिक होते.

सोलापूर, सिन्नर येथील विडी कामगार स्त्रियांच्या चरितार्थाचा प्रश्न मात्र खरा आहे व तो टाळता येणार नाही. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली हृदयविकार प्रतिबंधाची मोहीम सुरू झाली, तेव्हा लोणी व चरबीयुक्त दूध यांविरुद्धच्या प्रचाराने दुग्धव्यवसायावर जगणारे शेतकरी अस्वस्थ झाले होते. तेथे बेरी फळांच्या लागवडीला उत्तेजन देऊन पर्यायी उत्पन्नाची वाट काढण्यात आली. चाळीस वर्षांत त्या प्रांतातील कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

प्रतिबंध म्हणजे काटकसर नव्हे

प्रतिबंधामुळे सरकारचा रुग्णालयांवरील खर्च लगेच कमी होईल, अशी अपेक्षा धरणे चूक ठरेल. तपासणी वाढली की आजवर अज्ञात असलेले रुग्ण उजेडात येतात आणि प्रारंभी औषधांचा खर्च वाढतोच. शिवाय वाचलेला माणूस वृद्ध होतो व त्यालाही उपचार लागतात. लाभ होतो तो मुख्यतः काम करता येण्याजोग्या वर्षांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार अल्प उत्पन्नाच्या देशांत निवडक उपायांवर गुंतविलेल्या प्रत्येक डॉलरमागे २०३० पर्यंत किमान सात डॉलरचा लाभ संभवतो. पण तो लाभ समाजात विखुरलेला असतो, तर खर्च एकाच खात्याच्या अंदाजपत्रकात दिसतो. प्रतिबंधाला निधी मिळविताना अडचण येते ती येथेच. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ मध्ये आरोग्यावरील साधनसामग्रीचा दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक आरोग्यसेवेसाठी राखण्याचे सूत्र नमूद आहे, ते या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

गावपातळीवर तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची माहिती आशा कार्यकर्ती ठरावीक तक्त्यात भरते व त्यानुसार रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी सुचविली जाते. पुरुष दिवसा शेतावर वा कामावर असल्याने या तपासणीतून सुटण्याचा संभव असतो; ग्रामसभा, बाजार किंवा दूध संकलनाच्या वेळी शिबिर ठेवण्याचा निर्णय ग्रामपंचायत घेऊ शकते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. हे अंतर शाळेच्या आवारभिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरील कडेपासून एकदा मोजून सीमारेषा रंगविण्यासाठी वेगळ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.