पेट्रोल फवारणी पंप सुरू होत नाहीये? आधी प्लग बघा

मानोऱ्याकडे सोयाबीनवर अळी दिसली की पेट्रोल पंप नेमका तेव्हाच रुसतो! दोरी ओढून दमण्याआधी स्पार्क प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. चोक उघडा, प्लग पुसून वाळवा, मग लावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. कॉक आणि फिल्टर साफ करा. सुरू होऊन लगेच बंद पडतोय? आयडल स्क्रू जरासा आवळा.

टू-स्ट्रोक पंपात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, जुन्या बोटींच्या आउटबोर्ड मोटरसारखंच. विसरलात तर पिस्टन जाम. प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेतलंच घ्या.

आणि नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नका. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले होते.