मोटर लावाल हो, पण मागे दाते किती?

दर वर्षी प्रत्येक विंगमध्ये एकाला तरी साक्षात्कार होतो की आपली सायकल इलेक्ट्रिक करावी. आमच्या विंगमधल्या एकाला तो मागच्या दिवाळीत झाला. इंटर्नशिप परळला, रोज बसची वाट बघायचा कंटाळा, म्हणून साठवलेले सगळे पैसे घालून पठ्ठ्याने मागच्या चाकाचं मोटर-किट मागवलं. बॅटरी, कंट्रोलर, वायरिंग सगळं झकास. पण दादरच्या मिस्त्रीकाकांनी जुन्या चाकाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "बाळा, तुझी कॅसेट आहे. ह्या मोटरवर फ्री चढते. आता?" आता काय! किट दोन महिने खाटेखाली.

ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हब मोटर मागच्या चाकाच्या मध्यातच बसते आणि चाक थेट फिरवते. तिची ताकद चेनमधून जातच नाही. म्हणजे गिअर मोटरसाठी नाहीत, तुमच्या पायांसाठी आहेत. मग वाटतं, कुठलेही चालतील की! गडबड होते ती इथेच.

पहिला प्रश्न: फ्रीव्हील की कॅसेट? फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवतात आणि 'टकटक' करणारी यंत्रणा तिच्या पोटातच असते. कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्यांचा गठ्ठा, तो हबच्या खाचांवर सरकवतात. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ओळखायचं कसं? चकत्या उलट्या फिरवा आणि मधोमध पाना बसतो ती खाच बघा. खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. स्वस्त किटमधल्या बऱ्याच मोटरींना आटेच असतात. तसं असेल तर कॅसेट विसरा आणि तेवढ्याच गिअरची फ्रीव्हील घ्या.

'तेवढ्याच' का? हाच दुसरा प्रश्न. हँडलवरचा शिफ्टर एका क्लिकला ठरावीक अंतर चेन सरकवतो. शिमानोच्या 7 गिअरमध्ये दोन चकत्यांत 5 मिमी अंतर असतं, 8 गिअरमध्ये 4.8 मिमी. फरक फक्त 0.2 मिमी, पण सहा क्लिकमध्ये साठून 1.2 मिमी होतो. मग चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत बसते. म्हणून 8 चा शिफ्टर असेल तर 8 चीच फ्रीव्हील शोधा, नाहीतर शिफ्टरही बदला.

तिसरा प्रश्न जागेचा. गिअरच्या सायकलीत मागच्या चिमट्यातली आतली जागा बहुधा 135 मिमी असते. साध्या काळ्या सायकलीत ती बरीच कमी. लोखंडी फ्रेम जाणता मिस्त्री थोडी फाकवू शकतो, ॲल्युमिनियमची मात्र कधीही फाकवू नका, तडा जाईल. चाक बसल्यावर सर्वांत लहान चकतीवर चेन टाकून बघा. ती फ्रेमला घासत असेल तर वायसर घाला. आणि आस खाचेत जात नाही म्हणून कानस चालवू नका! मोटरच्या आसाला दोन सपाट बाजू असतात. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आस उलटा फिरायला बघतो, त्याला अडवतात त्याच बाजू. खाच सैल झाली तर आस गरकन फिरतो, वायरी पिळून तुटतात आणि चाक निसटू शकतं. टॉर्क आर्म नावाची पट्टी लावाच.

आता दात्यांचं गणित. कायद्याने मोटर 0.25 किलोवॉटपेक्षा कमी हवी आणि ताशी 25 किमीला तिची मदत बंद व्हायला हवी. 26 इंची चाक एका फेरीत साधारण 2.07 मीटर जातं, म्हणजे 25 च्या वेगाला मिनिटाला सुमारे 200 फेऱ्या. पुढे 42 दाते आणि मागे 14, तर पायडलच्या 67 फेऱ्या, आरामात. मागे 28 असतील तर 134. पाय नुसते पंख्यासारखे फिरणार, जोर काहीच नाही! म्हणून सपाटीला मागे 14 ते 18 दाते हवेतच.

मग 28 कशाला? माटुंगा ते लालबाग सपाट आहे, पण गिरगाव चौपाटीहून वाळकेश्वरचा चढ लागला आणि तिथेच बॅटरी संपली तर? मोटर-बॅटरीचं पाच-सहा किलो ओझं तुम्हालाच ओढायचंय. तेव्हा मोठी चकतीच देवासारखी धावून येते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षांवर असंच काम केलं आणि 2002 मध्ये ते 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. मोटरच्या रिक्षांबरोबर त्यांनी बिनमोटरची सुधारित रिक्षाही केली, आणि तिला गिअर दिले. मोटर आली म्हणून पायांचा विचार सुटत नाही.

आमच्या मित्राने शेवटी 7 ची फ्रीव्हील आणि 7 चा शिफ्टर घेतला. सायकल पळते, खिसा मात्र अजून सावरलेला नाही. तेव्हा मंडळी, किट मागवण्याआधी ड्रॉइंगच्या सामानातली मोजपट्टी बाहेर काढा. सबमिशननंतर ती नाहीतरी पडूनच असते!